मक्याच्या भाजणीच्या चकल्या: चौथ्या घाण्याला नळी पडली

माझं माहेर सिल्लोड तालुक्यातलं. तिकडे शेतात मका असतोच, त्यामुळे दिवाळीच्या भाजणीत आई तांदूळ थोडे कमी करून मका घालायची. या चकल्या रंगाला जास्त पिवळ्या होतात आणि चावताना दाताखाली बारीक रवाळ कुरकुर लागते. लग्न होऊन पुण्याला आले तरी बारा वर्षं भाजणी माहेरूनच येत होती. यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मीच करायची ठरवली.

प्रमाण फोनवर लिहून घेतलं. मका 3 वाट्या, तांदूळ 1, हरभरा डाळ 1, उडीद डाळ 1, मूग डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरं 2 चमचे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत कापडावर वाळवल्या. मका फक्त ओल्या फडक्याने पुसून घेतला. मग सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण मक्याला वेळ लागतो आणि मूग डाळ बघता बघता लाल होते. मक्याचे दाणे चार-दोन तडतडले आणि घरभर खरपूस वास सुटला की उतरवायचे. उडीद डाळ मात्र नुसती गरम करायची. तिच्या चिकटपणावरच चकलीचा आकार टिकतो.

"अगं, गव्हावर दळू देऊ नकोस, तांदळावर दळून घे," आईने बजावलं होतं. गिरणीवाल्या काकांनी मका दोनदा काढून दिला, पहिल्या वेळी भरडच राहिला होता. भाजणी हातात घेतली तेव्हा अजून कोमट होती. घरी आल्यावर ती परातीत पसरून गार केली आणि मगच डब्यात भरली.

पहिला घाणा बिघडला. 2 वाट्या पिठात तिखट, हळद, हिंग, ओवा, तीळ, मीठ आणि 2 चमचे कडकडीत मोहन घातलं, कोमट पाण्यात भिजवलं आणि लगेच सोऱ्यात भरलं. दट्ट्या दाबला की काटेरी दोरी दोन बोटं बाहेर यायची आणि तुटायची. वेढा पुराच होईना. पाण्याचा हात लावून पीठ सैल केलं, तर वेढे पडले, पण चकल्या तेल प्यायल्या. दुसऱ्या वेळी वाटलं, मोहन कमी पडलं असेल. ते वाढवलं आणि चकली कढईत सुटून तळाला भुगा झाला. तेल गाळून पुन्हा तापवताना डोळ्यांत पाणी आलं.

रात्री आईला व्हिडिओ कॉल करून पीठ दाखवलं. तिने विचारलं, "मक्याला उकड दिलीस का?" मी दिली नव्हती. नेहमीची भाजणी मी मोहन घालूनच भिजवते. पण मक्याचं पीठ कोरडं, रवाळ. ते पाणी सावकाश ओढतं. वरून ओलं दिसतं, कण आत कोरडाच असतो आणि दोरी तिथेच तुटते. उकळत्या पाण्यात ते थोडं शिजतं, तेव्हा चिकटपणा येतो.

दुसऱ्या दिवशी दीड वाटी पाणी उकळलं, त्यात 2 चमचे तेल, मीठ, तिखट, ओवा, तीळ घालून गॅस बंद केला, 2 वाट्या पीठ ढवळून वर झाकण ठेवलं. हे अर्ध्या तासात उघडू नये. मग पाण्याचा हात लावून लिंबाएवढा एकेक गोळा चांगला मळायचा, बाकीचं पीठ ओल्या फडक्याखाली. गोळा बोटांनी दाबला तर कडेला भेगा पडता कामा नयेत, माझी खूण हीच. सोऱ्यातून दोरी सलग आली, काटे उभे राहिले. पण घाईत गॅस मोठा ठेवला. बाहेरून झटकन लाल झाल्या आणि तासाभरात मऊ पडल्या. तिसरा घाणाही वाया गेला असं धरा.

चौथ्याला पिठाचा चिमूटभर तुकडा तेलात टाकला. तो तळाला जाऊन सावकाश वर आला, तेव्हा आच मध्यम केली आणि एका वेळी चारच चकल्या सोडल्या. सुरुवातीला तेलावर दाट फेस येतो. तो बसेपर्यंत झारा लावायचा नाही, नाहीतर वेढे सुटतात. एकदा उलटल्यावर बुडबुडे हळूहळू विरळ होत जातात. शेवटी एखाद-दुसराच उरला की चकली बाहेर काढायची. तोवर रंग सोनेरी झालेला असतो, लाल होण्याची वाट बघायची नाही. चाळणीत उभ्या लावून निथळू दिल्या.

एक चकली तोडली. बारीक 'कट्' आवाज झाला. काडी उजेडात धरून पाहिली, आत सुईच्या नेढ्याएवढं पोकळ भोक होतं. आई याला नळी पडणं म्हणते. पिठाला पाणी नीट लागलं असेल आणि आच बरोबर असेल तरच ती पडते.

धाकट्या भावाबरोबर गावी डबा पाठवला. संध्याकाळी आईचा फोन आला. तिने आधी फोडून पाहिलं होतं. "नळी पडलीय गं," म्हणाली, "आता पुढच्या वर्षी मूग डाळ अजून पाव वाटी वाढव."