गणपतीला गाडी घेऊन नका जाऊ रे

यंदा दादा परत म्हणाला की गाडी घेऊनच जाऊ, सामान असतं, आईला गर्दीत झेपत नाही वगैरे. मी सरळ नाही म्हटलं.

तीन वर्षांपूर्वी असेच निघालेलो, दादा दिवसभर ड्युटी करून आलेला, जेवून रात्री साडेदहाला डोंबिवली सोडली, वडखळलाच दोन तास गेले आणि पोलादपूर सोडल्यावर पहाटे कधीतरी त्याला डुलकी लागली. एक-दोन सेकंदच असतील, पण गाडी पार उजवीकडे गेली, समोरून ट्रकचा हॉर्न, आई जोरात ओरडली म्हणून वाचलो. ते अजून डोळ्यासमोर येतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात आमची पाच सहज मोजली गेली असती.

त्यानंतर मी दिवा-सावंतवाडी पॅसेंजरनेच जाते. मान्य आहे, हळू जाते, बहुतेक ठिकाणी सिंगल लाइन असल्यामुळे क्रॉसिंगला थांबवून ठेवतात, कणकवलीला उतरेपर्यंत अख्खा दिवस जातो. पण इंजिनात दोघं असतात, लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट, आणि रात्रभर जागून गाडी चालवायचं काम घरातल्या कुणावर येत नाही.

कोकण रेल्वेवर अपघात झालेच नाहीत असं नाही. २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ, दोन्ही भर पावसात, दरड आणि दगडांमुळे झाले, माणसं गेली. पण त्यानंतर डोंगरांना जाळ्या मारल्या, उतार कापून कमी केले, पावसाळ्याचं टाइमटेबल वेगळं असतं त्यात स्पीडच कमी ठेवतात, आणि पाऊस इतका असला की पुढचं दिसेना तर गाडी ४० च्या वर न्यायची नाही असा नियम आहे. पावसात रात्रीबेरात्री रुळावरून बॅटरी घेऊन चालत जाणारे पेट्रोलमन असतात, त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. हायवेवर दरड आलीय का हे आपल्यासाठी आधी चालत जाऊन कोण बघतं?

गर्दीचं मात्र खरंय, चतुर्थीच्या आदल्या दिवशी जनरलमध्ये म्हाताऱ्या माणसाला चढवूच नका. आईला आम्ही चार दिवस आधी पाठवतो. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी सुटतं, सकाळी ८ ला मी आणि वहिनी दोघी दोन मोबाइल घेऊन बसलो, तुतारी एक्सप्रेसचं आईचं आणि सोबत भाच्याचं कन्फर्म झालं. मखराचं सामान बाबा मागच्या महिन्यातच एसटीने घेऊन गेलेत. दादा अजून हो म्हणाला नाहीये, पण त्याचंही तिकीट मी काढून ठेवलंय.