शाळेच्या पुस्तकांसाठी किनाऱ्याने
खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या मराठी शाळेत वाचनालयासाठी पुस्तके हवी होती, म्हणून आम्ही बेळगावचे सहा जण वेंगुर्ल्यापासून तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत शक्य तितके किनाऱ्याने चालत गेलो आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे 10 रुपये गोळा केले. ओहोटी साधूनच निघावे लागते, कारण भरतीच्या वेळी कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुतून पोटऱ्या भरून येतात. शिरोड्याला, जिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागराच्या बांधावर टेकलो असता एका आजींनी चौकशी केली आणि पदराची गाठ सोडून 20 रुपयांची चुरगळलेली नोट माझ्या हातावर ठेवली, मला बोलवेना. रेडीनंतर टाचेला फोड आला, पण ती नोट खिशात होती.