कोळसा जातो, थांबत नाही

थर्मंडला निघण्याआधी पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. तिथे दुकान नाही, हॉटेल नाही, पेट्रोल पंप नाही. गाव मात्र आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे पाच माणसं होती. आणि एके काळी या गावाचं मुख्य काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांना कोळसा आणि पाणी देणं!

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यू रिव्हर नावाची नदी आहे. तिच्या खोल दरीच्या तळाशी हे गाव आहे. आम्ही फेएटव्हिलला मुक्काम केला होता. तिथून यूएस १९ या महामार्गाने दक्षिणेकडे येऊन ग्लेन जीनला वळलो की राज्यमार्ग २५ लागतो. मग सात मैल ओढ्याच्या कडेकडेने उतार आणि वळणं. रस्ता अरुंद आहे. मोठी कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर असेल तर तो वरच ठेवून या. फोनची रेंज दरीत उतरताच गेली, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. शेवटी नदीवरचा पूल येतो. त्यावर रेल्वेचे रूळ आहेत आणि त्यांच्या अंगाला, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रस्ता. पलीकडून कोणी येत नाही ना, हे बघून मगच गाडी घाला. मी न बघता घातली आणि समोरून पिकअप आल्यावर अख्खा पूल उलटा मागे आलो. ते काम दुसऱ्यांदा करायची माझी तयारी नाही.

पूल ओलांडल्यावर पहिला धक्का बसतो तो रस्ता नसण्याचा. विटांच्या इमारतींची एक रांग आहे: मॅनकिन-कॉक्स, गुडमन-किनकेड आणि नॅशनल बँक. त्यांच्या दारांसमोर जिथे बाजारपेठेचा रस्ता असायला हवा, तिथे थेट रूळ आहेत. बँकेतून बाहेर पडलं की समोर मालगाडी. गावात मोटारीचा रस्ता आला तोच १९२१ मध्ये, तोवर येणारा प्रत्येक माणूस आणि पिठाचं प्रत्येक पोतं रेल्वेनेच यायचं. चेसापीक अँड ओहायो म्हणजे सी अँड ओ रेल्वेचा या दरीतला मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. त्याच साली कॅप्टन डब्ल्यू. डी. थर्मंड यांना सर्वेक्षणाच्या कामाचा मोबदला म्हणून इथली ७३ एकर जमीन मिळाली. कॅप्टन दारूचे कट्टर विरोधक. त्यांच्या हद्दीत दारूला बंदी होती, म्हणून नदीपलीकडे डन ग्लेन हॉटेल उभं राहिलं आणि तिथे सगळी कसर भरून निघाली. ते १९३० मध्ये जळलं आणि पुढच्याच वर्षी बँक बुडाली.

१९१० च्या सुमारास सिनसिनाटी आणि रिचमंड या दोन शहरांच्या एकत्रित मालवाहतुकीपेक्षा जास्त उत्पन्न सी अँड ओला एकट्या थर्मंडमधून मिळायचं असं सांगतात. ऐकताना वाटतं, केवढा पैसा! पण तो पैसा भोवतालच्या खाणींच्या कोळशाचा होता. गावाच्या वाट्याला यायची ती त्या कोळशाची उठबस: फाट्यांवरून आलेल्या वाघिणी लावायच्या, इंजिनात कोळसा-पाणी भरायचं, राख काढायची, वंगण घालायचं, दुरुस्ती करायची. रुळांवर उभा असलेला काँक्रीटचा तो प्रचंड मनोरा १९२२ चा आहे. त्यात ५०० टन कोळसा मावायचा, इंजिन खाली येऊन उभं राहिलं की वरून नळीने कोळसा ओतायचा. आम्ही निम्मा वेळ त्या मनोऱ्याकडेच बघत होतो. गावाचं पोट कशावर भरत होतं, ते एवढ्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी वास्तू तिथे नाही.

घसरण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच सुरू झाली होती. पण शेवटचा घाव युद्धानंतरचा आणि तो डिझेलचा. देशभरच्या रेल्वे कंपन्या भराभर डिझेलकडे वळत असताना सी अँड ओ अडून बसली, कारण तिचे सर्वात मोठे गिऱ्हाईक कोळसा खाणवाले. डिझेल घ्यायचं म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाचा माल नाकारायचा! म्हणून युद्ध संपल्यावरही तिने कोळशावर चालणारी तीन वाफेची टर्बाइन इंजिनं करून पाहिली. ती नीट चालली नाहीत आणि थोड्याच काळात भंगारात गेली. १९४९ मध्ये बाल्डविन कारखान्याने अमेरिकेतल्या रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, क्रमांक १३०९, तेही सी अँड ओनेच घेतलं. शेवटी हिशेबापुढे हट्ट टिकला नाही. १९५६ मध्ये तिची वाफ संपली. डिझेलला ना मनोरा लागतो, ना पाण्याची टाकी, ना राख उपसणारे हात. थर्मंडला थांबायचं कारणच उरलं नाही.

त्याच दशकात खाणीत यंत्रं आली, माणसं कमी झाली. १९५० ते १९६० मध्ये वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या वीस लाखांवरून सुमारे अठरा लाख साठ हजारांवर आली. १९५४ मध्ये टर्नपाइक म्हणजे टोलचा महामार्ग सुरू झाला आणि वाहतूक डोंगरावर गेली, दरी खाली राहिली. गंमत अशी की कोळसा आजही जातो. आम्ही असताना सीएसएक्स या रेल्वे कंपनीची लांबच लांब मालगाडी त्याच इमारतींच्या दारांसमोरून धडधडत निघून गेली. काचा थरथरल्या. कोणी उतरलं नाही.

गावाचा बराच भाग आता न्यू रिव्हर गॉर्ज राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे. प्रवेश शुल्क नाही. १९०४ चा दुमजली लाकडी डेपो, म्हणजे रेल्वे स्टेशन, १९९५ मध्ये दुरुस्त करून माहिती केंद्र केला आहे, पण तो हंगामीच उघडतो. त्यामुळे उद्यानाच्या संकेतस्थळावर तारीख बघून जा. इंजिन शेड १९९३ मध्ये जळालं, ते शोधत बसू नका. राहती घरं खाजगी आहेत, अंगणात डोकावू नका. आणि रुळांवर फोटोसाठी उभं राहणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. वळणामुळे गाडी दिसते तेव्हा ती जवळच आलेली असते. पाय मोकळे करायचे तर थर्मंडजवळून मिंडेनकडे जाणारी जुन्या रेल्वेमार्गावरची पायवाट घ्या. चढ सौम्य आहे.

अॅमट्रॅक या अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वे कंपनीची कार्डिनल गाडी इथे आठवड्यातून तीन दिवस येते, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी. प्रवासी असेल तरच थांबते. वॉशिंग्टनहून ती संध्याकाळी पोचते, आणि अंधारात या गावात उतरून करणार काय? गाडीचा हौसेचा प्रवास करायचाच असेल तर एक थांबा अलीकडे, प्रिन्सला उतरा आणि तिथून बेकलीला जाण्याची सोय आधी करून ठेवा. गाडीला उशीर होतो, हेही धरून चला.

प्रिन्स मात्र चुकवू नका. आम्ही परत ग्लेन जीनला चढून, बेकलीमार्गे मार्ग ४१ ने खाली उतरलो. छोट्याशा वस्तीत एकदम उंच काचांचं, सरळ रेषांचं देखणं स्टेशन उभं आहे. ते १९४६ चं. युद्ध नुकतंच संपलं होतं, आणि आता लोक आलिशान गाड्यांनी फिरतील असा सी अँड ओच्या धुरीणांचा अंदाज होता. लोकांनी मोटारी घेतल्या. आम्ही पोचलो तेव्हा बाकं रिकामी होती. टेराझोच्या फरशीत कंपनीचं बोधचिन्ह असलेलं चेसी नावाचं मांजराचं पिल्लू जडवलेलं आहे, ते गाढ झोपलेलं आहे.

वाफेचं इंजिन प्रत्यक्ष बघायचं असेल तर तो १३०९ अजून आहे. मेरीलँडमधल्या कंबरलँडहून पर्यटकांच्या गाड्या ओढतो. तो कोणत्या दिवशी जोडणार आहेत, हे विचारूनच तिकीट काढा, नाहीतर डिझेलमागे बसून याल.