आप्पांनी ओळखलेलं जॉबरचं घर

सोलापूरच्या गिरणीत काम केलेले माझे वडील, आप्पा, पहिल्यांदा इकडं इंग्लंडला आले तेव्हा मी लंडनची यादी करून ठेवली होती. त्यांनी ती उलगडूनसुद्धा बघितली नाही. म्हणाले, "तुझ्या भागात कापडाच्या गिरण्या होत्या म्हणतात, त्या दाखव." आम्ही राहतो लीड्सला. मग काय, एका रविवारी गाडी पकडून सॉल्टेअरला गेलो.

सॉल्टेअर म्हणजे गिरणीमालकानं कामगारांसाठी वसवलेलं अख्खं गाव. टायटस सॉल्ट हा अल्पाकाच्या लोकरीवर मोठा झालेला कारखानदार. ब्रॅडफर्डचा धूर, घाण आणि कॉलरा यांना कंटाळून त्यानं एअर नदीच्या काठी नवी गिरणी बांधली आणि १८५३ मध्ये स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी ती सुरू केली. मग पुढच्या पंधरा-एक वर्षांत तिच्याभोवती आठशेवर घरं उठवली. स्वतःचं आडनाव आणि नदीचं नाव जोडून गावाचं बारसंही उरकलं. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. २००१ पासून गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे.

गिरणीत आता चित्रं लावलीत, पुस्तकं विकतात, कॉफी मिळते. आप्पांनी एकदा छताकडं बघितलं, एकदा फरशीकडं. "माग कुठायत?" एकेकाळी इथं बाराशे माग होते, असं मी वाचून दाखवलं. "आवाज नाही तर गिरणी कसली," म्हणत ते बाहेर पडले.

घरांपाशी मात्र रमले. पिवळसर दगडाच्या सरळ रांगा, एकाला एक चिकटलेली दारं, मागं छोटं अंगण आणि त्यापलीकडं गल्ली. आप्पा हात पाठीमागं बांधून एका रस्त्यानं वर गेले, दुसऱ्यानं खाली आले. एका घरापुढं थबकले. "हे जॉबरचं, मुकादमाचं."

"कशावरून?"

"रुंदी बघ की. पुढं बागेला तुकडा सोडलाय. साच्यावरच्या माणसाला कोण देतंय बाग?"

पुढच्या चौकातल्या फलकावर तेच लिहिलेलं: मुकादमांची घरं मोठी, साध्या कामगारांची लहान. आमच्या चाळीतही कोपऱ्यातल्या दोन खोल्या जॉबरच्या होत्या, ओट्यासकट. बाकी सगळ्यांना एकेक खोली. आम्ही सहाजण त्या एका खोलीत, आणि आप्पांची रात्रपाळी असली की दिवसा आम्हा पोरांना बाहेर हाकललेलं असायचं.

रस्त्यांची नावं वाचत गेलो. कॅरोलिन ही बायको. टायटस, जॉर्ज, हेलन, फॅनी, एडा ही मुलं. आप्पा हसले. "कामगाराच्या पोरीचं एक पण नाव नाही?" मी म्हटलं, आपली मुरारजी पेठ तरी कुणाच्या नावाची? मुरारजी गोकुळदासांचीच ना! योगायोग असा की सॉल्ट १८७६ च्या डिसेंबरात वारला आणि पुढच्याच वर्षी मुरारजींची गिरणी, आपली जुनी मिल, सोलापुरात सुरू झाली.

एका गोष्टीवर मात्र आप्पा बराच वेळ गप्प होते. इथं प्रत्येक घराला पाणी, गॅसची बत्ती आणि मागच्या अंगणात स्वतःचा संडास होता. तोही १८५० च्या दशकात! आमच्या चाळीत मी शाळेत जाईपर्यंत डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली आहे. हे लिहिताना लाज वाटत नाही, पण रांगेत पुढं घुसणाऱ्या काकू अजून आठवतात.

सॉल्टनं गावात दारूचा गुत्ता होऊ दिला नाही, चर्च बांधलं, म्हाताऱ्यांसाठी फुकट घरं बांधली. माणूस चांगलाच असणार. तरी आप्पांचा प्रश्न वेगळा होता: "काम गेलं तर घर कुणाचं?" अर्थात मालकाचं, कारण कामाचा मालक तोच आणि घराचाही तोच. १९३३ मध्ये गाव एका घरविक्री कंपनीकडं गेलं आणि मग हळूहळू घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली. आमच्या गिरणीला टाळं लागलं तेव्हा आप्पांचा पगारही थकलेला होता आणि खोली सोडा म्हणून नोटीसही आली होती. ती नोटीस आप्पांनी अजून ट्रंकेत ठेवलीय. का, ते विचारायचं नाही.

मग आत्या आठवली. विड्या वळून आयुष्य काढलेली, आता सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत, दहा हजार घरांची, २००६ मध्ये कामगार बायकांच्या हाती आली. मालकानं बांधून दिलेली नव्हे, मोर्चे काढकाढून मिळवलेली. घराच्या कागदावर आत्याचंच नाव आहे आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

आप्पांनी तिथंच बाकावर बसून तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फिरवून सगळी रांग दाखवली. जॉबरचं घर दोनदा दाखवलं. मालकाच्या पोरींची नावं सांगून झाली.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नळाला पाणी किती दिवसांनी येतंय तिथं?"

"रोज. चोवीस तास."

"मग तू कशाला तोंड वाकडं करून बसलायस?"