तुम्ही विचारलंत म्हणून : बातमी वाचताना आवाज हलत कसा नव्हता?

“इतक्या वाईट बातम्या वाचताना तुमचा आवाज हलायचा कसा नाही? आणि मग घरी जाऊन गायचात कशा?” लग्नघरी, बँकेच्या रांगेत, नाटकाच्या मध्यंतरात, आवाज ओळखणारं कुणीतरी हे विचारतंच. आकाशवाणी पुणे केंद्राच्या वृत्तविभागात माझी उमेदीची वर्षं गेली. सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या अनेकांच्या घरात चहाबरोबर ऐकल्या जायच्या, म्हणून हा प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

आवाज घडला तो गाण्यात. माझ्या गाण्याच्या बाई महिनोन्‌महिने नुसता खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावून घ्यायच्या. श्वास कुठे घेतला ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये, आणि शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही, एवढाच त्यांचा आग्रह. बातम्या वाचायला बसले तेव्हा हेच कामी आलं. मंत्रालयातून आलेलं चार ओळींचं वाक्य असो की पाणलोट क्षेत्रातल्या पावसाचे आकडे, दम कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. बातम्यांचे कागद सुटे असतात, टाचलेले नाहीत. पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं, नाहीतर माईक ती सळसळ उचलतो. लाल दिवा लागलेला असताना कुणी दबक्या पावलांनी येऊन ताजी बातमी समोर ठेवून जातं. ती आधी नजरेखालून गेलेली नसते. डोळे एक ओळ पुढे, जीभ एक ओळ मागे. असं वाचायला मला रियाजानेच शिकवलं, दुसऱ्या कशाने नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेत आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, पुण्यात मिरवणूक रेंगाळलेली, ढोलांचा आवाज कानांवर येत होता. चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. ऑफिसात पोचले तेव्हा तारेने आलेल्या बातम्या छापणारा टेलिप्रिंटर खडखडत होता, पण माहिती तुटक. लातूर, उस्मानाबाद एवढं कळत होतं. गावांची नावं एकेक करून येत होती. किल्लारी. मग सास्तूर. आमच्या गाडीचे चालक उमरग्याकडचे. ते दाराशी उभे राहून म्हणाले, “ताई, सास्तूरचं काही कळलं का? बहीण दिलीय तिथं.” मी म्हटलं, “कळेल ते वाचीनच, दादा.” ते बाहेर जाऊन ट्रान्झिस्टरपाशी बसले.

त्या दिवशी मी वाचत होते ती त्यांच्यासाठी. असं ऐकणारं माणूस प्रत्येक बातमीच्या पलीकडे असतंच. त्याला गावाचं नाव स्पष्ट हवं असतं, आकडा बरोबर हवा असतो, आणि जे कळलेलं नाही ते कळलेलं नाही असं सांगणारं कुणी हवं असतं. माझा कंठ दाटला असता तर त्यांच्या वाट्याचं एखादं अक्षर गेलं असतं. दुःखावर पहिला हक्क त्यांचा. निवेदकाने आवाज सरळ ठेवणं ही त्यांच्याविषयीची अदब आहे. हल्ली पडद्यावर अपघाताची बातमी ओरडून आणि संगीत लावून देतात, ते मला सहन होत नाही.

दादांची बहीण वाचली होती. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

मी घरी मात्र सरळ आवाजात कधी वावरले नाही. तिथे रडले, चिडले, गायले. मुलं लहान असताना मी पहाटे निघून जायची, तेव्हा यजमान त्यांची वेणीफणी, डबे बघायचे आणि रेडिओ लावून ठेवायचे. धाकटी रेडिओला “आई, मोजे सापडत नाहीत” असं सांगायची म्हणे. दुपारी मी आले की सासूबाई जेवायला वाढून म्हणायच्या, “आता तासभर कुणी हिला हाक मारायची नाही.” आणि मी तानपुरा काढायची. घरात एकाने तरी असं उंबऱ्यावर उभं राहायला लागतं. आमच्याकडे त्या राहिल्या.

सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चालायचा. शेवटच्या रात्री सासूबाई आणि मी जायचो, पण पंडित भीमसेन जोशी गायला बसायचे ते अगदी अखेरीला, आणि मला सात दहा गाठायचे असायचे. मी उठून यायची, सासूबाई थांबायच्या. दुपारी ताट पुढ्यात ठेवता ठेवता त्या सगळी मैफल सांगायच्या. कुठला राग, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसे आले, लोक कुठे उसळले. मुखडा गुणगुणून दाखवायच्या, हाताने लय धरून. गाणं शिकलेल्या नव्हत्या, पण कान असा की माझ्या बाईंनी एकदा त्यांचं वर्णन ऐकून तीच बंदिश मला शिकवायला घेतली.

२४ जानेवारी २०११ला भीमसेनजी गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीपत्रासाठी मी मजकूर लिहिला. गदगचा जन्म, सवाई गंधर्वांकडची तालीम, १९५३ पासूनचा महोत्सव, भारतरत्न. रमणबागेतली माझी अर्धवट पहाट त्यात नव्हती, ती तिथली नव्हेच. ती बोलायला घर होतं. रात्री जेवणं तशीच राहिली आणि सासूबाई, मी, दोन्ही मुलं भीमसेनजींचा राग ललत थोर की तोडी यावर भांडत बसलो. सासूबाई तोडीवरून हटल्या नाहीत. मी अजूनही ललतच म्हणते.