पैसे घालायचे ते फक्त नावावर

शनिवार, रात्री

दुकानात लग्नपत्रिकांची घाई असूनही आजची दुपार मी गुरुजींसाठी राखून ठेवली होती. गुरुजी बेळगावच्या पश्चिम भागातले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरची भातशेती अजून स्वतः बघतात. पावसाआधीची कोरड्या मातीतली धूळवाफ पेरणी, तांबड्या मातीतली रताळी, बैलांच्या पायाखालची जुनी मळणी यावर ते वर्षानुवर्षं लिहीत आलेत. सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, त्यांच्या स्मरणिकांत ते छापून येतं, दोन दिवस हातोहात फिरतं आणि मग कपाटात जातं. बाहेरगावी नोकरीला गेलेल्या पोरांनी फोनवर शोधलं तर त्यातली एक ओळही सापडत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येक स्मरणिकांची अक्षरजुळणी याच टेबलावर झाली आहे.

म्हणून ब्लॉग काढायचा. शहरातल्या एकानं गुरुजींना वेबसाइटचे पंधरा हजार आणि पुढे दर वर्षी वेगळे असा हिशेब सांगितला होता. गुरुजी म्हणाले, "पैसे घालायला नाही म्हणत नाही गं, खरं माझ्यामागं वर्षाच्या वर्षाला कोण भरत बसणार?" प्रश्न बरोबर आहे. हौसेनं सुरू झालेली किती पानं पुढचे पैसे न भरल्यामुळे बंद पडतात. खर्च कमी ठेवायचा तो एवढ्यासाठी, की लिहिणारा थकला तरी लिहिलेलं उभं राहावं.

मी सुचवलं ब्लॉगर. १९९९ साली निघालेली ही सेवा २००३ मध्ये गूगलनं घेतली, आणि आजही ती फुकट आहे. जागेचे पैसे नाहीत, आणि पत्ता 'https'नं सुरू व्हायला लागते त्या सुरक्षिततेचेही नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमवरही फुकट खातं मिळतं आणि ते दिसायला देखणं असतं, पण त्यावर त्यांच्या जाहिराती येतात आणि स्वतःचं नाव जोडायचं तर पैसे भरावे लागतात. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर स्वतः मोफतच आहे, फक्त ते आपल्या हिमतीवर चालवायचं तर होस्टिंग, म्हणजे नेटवरची जागा, विकत घ्यायचं, अपडेट सांभाळायचे. संगणकात रमणारा तरुण असेल तर मी त्याला गिटहब पेजेस ही पानं ठेवायची सेवा सांगेन, तेही फुकट आणि फार वेगवान. सत्तरीतल्या माणसाला, ज्याला फक्त लिहायचंय, ब्लॉगरच बरा.

पैसे घालायचे ते एकाच गोष्टीवर, स्वतःच्या नावाच्या डोमेनवर, म्हणजे नेटवरच्या पत्त्यावर. डॉट इन साधारण पाचशे ते हजार रुपयांच्या दरम्यान वर्षाला मिळतं. पाटीवर पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव मोठ्या अक्षरात असतो आणि नूतनीकरणाचा भाव खाली बारीक, तेव्हा वाचायचा तो बारीक. सोबत ईमेल, संरक्षण, अमुकतमुक आपोआप टोपलीत पडतं, ते काढून टाकायचं. गुरुजींना मी एवढंच सांगितलं, की शेत कुठल्याही खात्यात पिकू दे, उतारा आपल्या नावावर पाहिजे. उद्या ब्लॉगर बंद झालं तर मजकूर दुसरीकडे हलवता येईल आणि पत्ता तोच राहील. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. मोठ्या कंपन्यांची दारंही बंद होतात. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि मला त्याचं फार अप्रूप आहे, पण काही ठिकाणी तो पत्ता 'एक्स एन'नं सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या रांगेत दिसतो. म्हणून आधी डॉट इन. नाव घेतल्यावर ब्लॉगर दोन नोंदी देतं, त्या डोमेनच्या खात्यात जशाच्या तशा भरायच्या आणि एखादा दिवस वाट बघायची.

खरं काम फाँटचं निघालं. गुरुजींचे जुने लेख माझ्याकडच्या फायलींत आहेत, पण ते छपाईच्या जुन्या फाँटमध्ये. अशा फायलीत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यावर मराठी आकार चढवतो. फाँट नसलेल्या फोनवर उघडलं की नुसती खिचडी, आणि गूगलच्या दृष्टीनं तर तो मजकूर मराठी नाहीच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या सामाईक संकेतांत, बदलून देणारी मोफत साधनं नेटवर आहेत. मजकूर चिकटवा, बटण दाबा, झालं. मात्र झालं म्हणून सोडायचं नाही. पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराआधी टंकतात, युनिकोडमध्ये नंतर येते, आणि बदलताना ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफारही सरकतो. आज मळणीच्या लेखात 'वाऱ्यावर' जिथं जिथं होतं तिथं 'वार्यावर' झालं होतं. ते 'शोधा आणि बदला'नं एका फटक्यात दुरुस्त झालं, पण वेलांट्यांसाठी ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. या कामाला पैसे लागत नाहीत, माणूस लागतो. आपल्या भागातल्या प्रत्येक डीटीपीवाल्यानं जुन्या स्मरणिकांसाठी एवढं केलं तर केवढं मराठी उजेडात येईल!

नवीन लिहायला तर काहीच विकत घ्यायला नको. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक आधीच असतो, फोनवर गूगलचा जीबोर्ड. गुरुजींची बोटं आता थरथरतात, म्हणून त्यांना बोलून लिहायला शिकवलं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरून वर्गात सांगतात तसं खणखणीत सांगितलं, "मृगाच्या आधी, कोरड्या मातीत, कुरीनं भात पेरायचं," आणि अक्षरं उमटली तसे ते खुर्चीत पुढे सरकले. स्वल्पविराम, पूर्णविराम उमटले नाहीत. 'धूळवाफ' दोन तुकड्यांत आलं, 'कुरी', म्हणजे पेरणीचं औजार, तर भलतंच काही. असू दे. ते सांगतील, मी शुद्धलेखन बघेन.

दिसण्याकडे मी जास्तच वेळ दिला, धंद्याची सवय. गूगल फाँट्सवर तिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फाँट आहे. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत, आणि मराठीतले 'ल' आणि 'श' आपण शाळेत गिरवलेले तसेच आहेत. थीममध्ये दोन ओळी चिकटवल्या आणि पानावर आपला 'ल' आला. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली, तेव्हा तारखाही मराठीत आल्या. अक्षर थोडं मोठंच ठेवलंय. वाचणारे निम्मे लोक चष्मेवाले असणार.

पत्त्याकडे फार जणांचं लक्ष जात नाही. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगरला त्यातून दुवा करता येत नाही, तो आपला 'ब्लॉग पोस्ट' आणि पुढे आकडा असं काहीतरी लावतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या रकान्यात आपला दुवा रोमनमध्ये लिहून द्यायचा. देवनागरी दुवा चालतो अशा ठिकाणी दुसरीच तऱ्हा. व्हॉट्सॲपवर तो चिकटवला की बहुतेक वेळा एकेका अक्षराच्या जागी टक्क्याची खूण, आकडे आणि रोमन अक्षरं अशी नऊ-नऊ चिन्हं येतात. असा लांबलचक दुवा बघून माणसं घाबरतात, फसवणूक समजून उघडत नाहीत.

फोटोंचं सोपं आहे. फोनवरचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात रेंज नसते तिथं तो उघडणारच नाही. स्क्वूश नावाच्या मोफत साधनात ब्राउझरमध्येच तो दोनेकशे केबीवर येतो. गूगलवर दिसला म्हणून कुणाचाही फोटो उचलायचा नाही, हे मी गुरुजींना दोनदा बजावलं. आपला काढायचा, नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवरचा, परवान्यात सांगितल्याप्रमाणे श्रेय देऊन.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ब्लॉग नोंदवला, त्यालाही पैसे नाहीत. आता कुठल्या शब्दांवरून लोक येतात ते कळेल. सेटिंगमधून सगळ्या मजकुराची प्रत उतरवून घेता येते. ती महिन्याच्या महिन्याला एक माझ्या संगणकात, एक गुरुजींच्या नातीकडे पेनड्राइव्हवर. शिवाय प्रत्येक लेखाचा दुवा इंटरनेट आर्काइव्ह या नेटवरच्या पानांच्या संग्रहात जतन करायचा. ते काम नात करणार आहे, तिला आज दाखवून ठेवलं. गुरुजी तिला म्हणाले, "विसरू नकोस हं बाळ, मला नाही जमायचं ते." ती म्हणाली, "करतो की आजोबा, त्यात काय!"

पहिला लेख धूळवाफेचा घ्यायचं ठरलंय, पेरणीच्या आधी तो गावातल्या पोरांच्या फोनवर पोचायला हवा. शेवटच्या दोन परिच्छेदांतल्या वेलांट्या बघायच्या राहिल्यात. कुरीचा फोटो गुरुजी सोमवारी घेऊन येतो म्हणालेत, जवळून काढा आणि नळ्या नीट दिसू देत असं त्यांना सांगितलंय.