नकाशावर नाव काकांचे, नंबर परक्याचा

वरूड तालुक्यात संत्र्याच्या कलमांचा धंदा पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो आणि ऑगस्टपर्यंत जोरात चालतो. शेंदूरजना घाट आणि आसपासच्या रोपवाटिकांमधली कलमे अमरावती, नागपूर, वर्धा या जिल्ह्यांत जातात, तशीच सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा, सौंसर भागातही जातात. पूर्वी हा सगळा व्यवहार ओळखीवर चाले; सोयऱ्याने सांगितलेल्या रोपवाटिकेतून वर्षानुवर्षे कलमे नेली जात. आता शेतकऱ्याचा मुलगा मोबाइलवर ‘संत्रा कलम’ असे शोधतो आणि जी रोपवाटिका वर दिसेल तिला तिथूनच फोन लावतो. मी वरूडला लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट तयार करण्याचे आणि गूगलवरच्या त्यांच्या नोंदी सांभाळण्याचे काम करते. गेल्या पावसाळ्यात ऐन लागवडीच्या दिवसांत एका रोपवाटिकेवर जे घडले ते सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण तसे घडण्याची सोय आपल्याकडच्या बहुतेक दुकानांच्या बाबतीत आजही आहे.

सकाळी त्या रोपवाटिकेच्या मालकांचा फोन आला. मी त्यांना काकाच म्हणते. “ताई, गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं, अन् म्हनते पैसे टाकले. माह्याकडं त एक रुपया नाही आला. तुम्ही या बरं लवकर.”

मी पोहोचले तेव्हा फाटकासमोर पिकअप उभी होती. सौंसरकडचे बापलेक पाच एकरांच्या नव्या बागेसाठी कलमे न्यायला आले होते. सहा बाय सहा मीटरवर लागवड केली तर एकरी साधारण ११० झाडे बसतात. त्या हिशेबाने त्यांनी ५५० कलमे फोनवर ठरवली होती आणि आदल्या संध्याकाळी १५,००० रुपये आगाऊ पाठवले होते. फोनवरच्या माणसाने त्यांना दर सांगितला, खुंट, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात ते, जंभेरीचा असल्याचे सांगितले आणि सकाळी लवकर या, नंतर गर्दी होते, असेही बजावले. पैसे ज्या नावावर गेले होते ते नाव मात्र काकांच्या घरात किंवा गावात कोणाचेच नव्हते. वडील संतापलेले होते आणि त्यांच्या संतापात तथ्य होते. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारले, “फोटो याच फाटकाचा आहे, नाव याच रोपवाटिकेचं आहे, मग नंबर दुसऱ्याचा कसा?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी एक काम तातडीने करणे भाग होते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. ही मदतवाहिनी देशभरासाठी आहे आणि तिथे वेळेला फार महत्त्व असते, कारण रक्कम फसवणाऱ्याच्या खात्यातून पुढे गेलेली नसेल तरच ती थांबवता येते. ही तक्रार ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच करायला हवी, म्हणून मुलाला फोन लावायला सांगितले. त्याच्या यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक होता. तो क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव एका कागदावर आधी लिहून घेतले आणि मग फोन केला, त्यामुळे तक्रार अडखळली नाही. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद मी माझ्या लॅपटॉपवर त्याच्याकडून पूर्ण करून घेतली आणि त्याच्या बँकेलाही कळवले. वडिलांचा आवाज खाली आला तो ही तक्रार नोंदली गेल्यानंतर.

मग मी काकांच्या ओट्यावर बसून नकाशावरची नोंद उघडली. ती नोंद काकांनी कधीच केलेली नव्हती. कोण्या जाणाऱ्या-येणाऱ्याने काही वर्षांपूर्वी हे ठिकाण नकाशावर टाकले होते, फाटकाचा फोटो चढवला होता, आणि पुढे गिऱ्हाइकांनी आपापले अभिप्राय त्याखाली लिहिले होते. गूगलच्या नकाशावर कोणत्याही ठिकाणाबद्दल कोणीही बदल सुचवू शकतो. वेळ, पत्ता, फोन नंबर, सगळेच. दुकान बंद पडले किंवा जागा बदलली तर ती माहिती लोकांकडून लवकर कळावी, हा त्यामागचा उद्देश आहे आणि एरवी त्याचा उपयोगही होतो. मालकाने नोंदीची मालकी घेतलेली असेल तर असे बदल त्याला त्याच्या खात्यात दिसतात आणि चुकीचा बदल तो परतवू शकतो. काकांच्या नोंदीखाली मात्र ‘या व्यवसायाची मालकी घ्या’ ही ओळ अजून तशीच होती, म्हणजे त्या नोंदीला मालकच नव्हता. तिथला नंबर कोणीतरी बदलला आणि तो बदल पाहणारे कोणी नसल्यामुळे तो टिकून राहिला.

त्याच ओट्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली आणि ती मला सर्वांत जास्त लागली. काकांनी त्या महिन्यात फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात चालवली होती. जाहिरात चांगली होती, कलमांचे फोटो स्वच्छ होते, मजकूर नेमका होता. सौंसरच्या त्या मुलाने हीच जाहिरात पाहिली होती. पण जाहिरातीतला नंबर लावण्याऐवजी त्याने रोपवाटिकेचे नाव गूगलवर टाकले, पत्ता आणि अभिप्राय पाहिले आणि तिथेच दिसणारे फोनचे बटण दाबले. गिऱ्हाईक असेच वागते, आणि ते शहाणपणानेच वागते, कारण त्याला जाहिरातीपेक्षा लोकांच्या अभिप्रायांवर जास्त विश्वास असतो. काकांनी जाहिरातीवर खर्च केलेला पैसा अशा रीतीने त्या परक्या नंबरवर गिऱ्हाईक नेऊन पोहोचवत होता. तेव्हापासून माझ्याकडे जाहिरात करायची म्हणून कोणी आले की मी आधी त्यांच्या दुकानाचे नाव दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर शोधायला सांगते आणि दिसलेल्या नंबरवर माझ्यासमोर फोन लावायला लावते. तो फोन त्यांच्याच खिशात वाजला तर पुढचे बोलणे.

मालकी घेण्याचे काम आम्ही तिथेच सुरू केले. ते काकांच्या स्वतःच्या जीमेल खात्यावरून केले आणि त्या खात्याला त्यांचाच मोबाइल नंबर जोडला. माझ्या खात्यावरून ते काम लवकर झाले असते आणि आमच्या व्यवसायात पुष्कळ जण तसे करतातही, पण मग ती नोंद काकांची न होता माझी झाली असती. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे व्यवसायाच्या या नोंदीच्या खात्यात, मालक आणि व्यवस्थापक अशा वेगळ्या भूमिका देता येतात. मालक काका राहिले आणि मला त्यांनी व्यवस्थापक म्हणून जोडले, जेणेकरून उद्या माझे काम आवडले नाही तर ते मला एका मिनिटात काढून टाकू शकतील. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला गेला. हा व्हिडिओ सलग असावा लागतो, त्यात काटछाट चालत नाही, आणि त्यात आजूबाजूचा परिसर, दुकानाची पाटी आणि व्यवसाय आपल्या ताब्यात असल्याचा पुरावा असे तिन्ही दिसावे लागते. काका रस्त्यापासून चालत आले, पाटी दाखवली, फाटकाचे कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडले आणि आत भिंतीवर लावलेल्या रोपवाटिकेच्या परवान्यापाशी येऊन थांबले. पडताळणी पूर्ण व्हायला काही दिवस लागतात, म्हणून तोवर काकांनी आपला खरा नंबर व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवला आणि नकाशावर नंबर चुकीचा असल्याचे नेहमीच्या गिऱ्हाइकांना कळवले.

एवढे झाल्यावर काका म्हणाले की आपली वेबसाइट तर आहे, तिच्यावर नंबर बरोबर असेल. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर पत्ता छापलेला होता. तो उघडला तर तिथे रोपवाटिकेऐवजी भलत्याच जाहिरातींचे पान आले. वेबसाइटच्या पत्त्याची, म्हणजे डोमेनची, मुदत संपली होती. ते डोमेन नात्यातल्या एका मुलाने कॉलेजात असताना स्वतःच्या ईमेलवर घेतले होते. तो आता पुण्याला नोकरी करतो आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या, न उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर जात होत्या. त्यात त्या मुलाचा काही वाईट हेतू नव्हता, त्याने तर ते काम प्रेमाने आणि फुकट केले होते. परंतु शेताचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे जाऊन तपासणारा माणूस वेबसाइटचा पत्ता कोणाच्या नावावर आहे हे विचारत नाही, आणि या दोन्ही गोष्टी मालकीच्याच आहेत.

सुदैवाने वेळ गेलेली नव्हती. डॉट कॉम पत्त्याची मुदत संपल्यावर विक्रेत्या कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत तो नेहमीच्या दराने परत घेता येतो. त्यानंतरच्या ३० दिवसांत तो मिळतो, पण त्यासाठी बराच मोठा दंड भरावा लागतो. पुढे ५ दिवसांनी तो पत्ता मोकळा होतो आणि जगातला कोणीही तो विकत घेऊ शकतो. काकांचा पत्ता पहिल्याच टप्प्यात होता. पुण्याच्या मुलाला फोन केला, त्याने दुपारच्या सुट्टीत जुने ईमेल उघडून नूतनीकरण केले, आणि त्याच कंपनीत काकांच्या नावाने खाते काढून पत्ता तिकडे वळवला. विक्रेती कंपनी बदलणेही शक्य होते, परंतु नोंदणीतले नाव बदलल्यानंतर पत्ता दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास बहुधा ६० दिवसांची अडकाठी येते, म्हणून ते पुढे ढकलले.

त्या बापलेकांना काकांनी रिकाम्या गाडीने परत पाठवले नाही. उरलेली रक्कम घेऊन त्यांनी सगळी ५५० कलमे भरून दिली आणि १५,००० रुपये तक्रारीचा निकाल लागल्यावर द्या, असे सांगितले. हा निर्णय सर्वस्वी काकांचा होता. मला तो धंद्याच्या दृष्टीनेही योग्य वाटला, कारण त्या बापलेकांनी पैसे टाकताना विश्वास ठेवला होता तो काकांच्या नावावर.

वेबसाइट पुढच्या काही दिवसांत नव्याने उभी केली आणि ती मुद्दाम एकाच पानाची ठेवली. जुन्या वेबसाइटवर माहितीपत्रकाचा मजकूर छापखान्यातल्या जुन्या फाँटमधून जसाच्या तसा उचलून टाकला होता, त्यामुळे मोबाइलवर तो अक्षरांच्या कचऱ्यासारखा दिसत असे आणि शोधणाऱ्याला कधी सापडतच नसे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या लिपीत, टाइप करून घेतला. मोबाइलमधून थेट चढवलेले फोटो प्रत्येकी चार-पाच एमबीचे होते, ते शंभर-दीडशे केबीपर्यंत आणले, कारण आपल्या शेतशिवारात नेटवर्क कसे असते हे सर्वांना ठाऊक आहे. मजकूर काय लिहावा यासाठी काकांना गिऱ्हाइके फोनवर काय विचारतात ते आठवायला सांगितले आणि तेच प्रश्न पानावर घेतले: खुंट जंभेरीचा की रंगपूर लाईमचा, डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरला आहे, कलमाचे वय किती, परवाना क्रमांक काय, गाडी आतपर्यंत येते का. हा मजकूर मराठीसोबत हिंदीतही दिला. सीमेपलीकडचा शेतकरी घरात मराठी बोलत असला तरी मोबाइलवर अनेकदा ‘संतरे के पौधे’ असेच शोधतो, आणि निम्मा धंदा तिकडचा असताना ते शब्द पानावर नसणे हे नुकसानच आहे.

सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र पानाच्या वरच्या भागात, फोन नंबरच्या लगेच खाली आहे. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. काकांच्या खात्याचे नेमके तेच नाव आम्ही तिथे लिहिले आणि दुसरे कोणतेही नाव दिसल्यास पैसे पाठवू नका, आधी फोन करा, असे स्पष्ट सांगितले. हीच ओळ फाटकावरच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या स्वागताच्या संदेशात घातली. त्या व्हॉट्सॲपला सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणीही सुरू केली, कारण नंबरच कोणी पळवला तर या सगळ्या ओळींना अर्थ राहणार नाही.

नकाशावरच्या नोंदीची मालकी काकांना मिळाली आणि नंबर दुरुस्त झाला. सौंसरच्या मुलाच्या तक्रारीत रकमेचा काही भाग पुढच्या खात्यात थांबवला गेल्याचे त्याला कळवण्यात आले. तो परत मिळवण्याची प्रक्रिया चालू आहे.

ही बातमी तालुक्यात पसरल्यावर इतर रोपवाटिकाधारक, कृषी केंद्रवाले, एक मंगल कार्यालयाचे मालक असे बरेच जण आपापल्या नोंदी घेऊन आले, आणि त्यांपैकी अनेकांच्या नोंदींना मालक नव्हता. ते काम मी एकेक करून मार्गी लावत आहे. मोर्शीकडच्या एका रोपवाटिकेच्या नोंदीवर नंबर मालकाचाच आहे, पण तो त्यांनी कधीच बंद केलेल्या सिमचा आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर मोबाइल कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, म्हणून या आठवड्यात सर्वांत आधी तिथे जायचे ठरवले आहे.